चिनी माणूस आणि इंग्रजी शब्दांची कमाई



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने समोर बसून ऐकावे, असाच आजवरचा क्रम आहे. मी आठवीत शाळा सोडली आणि गोदीत आलो. त्यापुढचे जे काही शिक्षण झाले, ते करारनामे, पगारपत्रके आणि रद्दीवाल्याकडून घेतलेला एक इंग्रजी कोश यांच्या संगतीत झाले. चालकांची अपेक्षा अशी की, मी कामगार कायद्यावर बोलावे. मी त्यांना कळविले, 'चिनी माणसाने वरच्या पायरीचे इंग्रजी शब्द कसे कमवावे, यावर बोलतो.' लगेच त्यांचा फोन आला, 'विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?'

चूक झालेली नाही. मी खलाशांच्या संघटनेचे काम करतो. आजच्या जहाजाचे असे असते की, मालक एका देशाचा, निशाण दुसऱ्या देशाचे, माल तिसऱ्याचा आणि खलाशी चार देशांचे. या सगळ्यांची कामकाजाची भाषा मात्र एकच, ती म्हणजे इंग्रजी. आपल्या कोकणातला पोरगा आणि चीनच्या किनाऱ्यावरचा पोरगा एकाच इंजिनाशेजारी उभे राहून, दोघांच्याही नसलेल्या भाषेत एकमेकांशी बोलतात. मला चिनी येत नाही. जहाजांवर कानी पडून गोळा झालेले पाचपन्नास शब्द तेवढे मजजवळ आहेत. परंतु ही माणसे इंग्रजीशी कशी झुंजतात, ते मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि त्याविषयी जे मिळेल ते वाचीतही आलो आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो. ती अर्धीच सांगेन; उरलेली अर्धी शेवटी.

२०१८ सालची ही हकीकत. पश्चिम किनाऱ्यावरील एका बंदराबाहेर एक मालवाहू जहाज नांगर टाकून उभे होते. वर नऊ चिनी खलाशी आणि चार आपल्याकडचे. तीन महिने पगार नव्हता. धान्य संपत आले होते, पिण्याचे पाणी मोजून मिळत होते आणि मालक फोन उचलीत नव्हता. आपल्या पोरांनी संघटनेला कळविले, म्हणून मी होडी करून जहाजावर गेलो. माझ्या आधी मालकाचा दलाल येऊन गेला होता. त्याने एक कागद ठेवला होता : यावर सह्या करा, एक महिन्याचा पगार रोख घ्या आणि घरी जा. चिनी खलाशांत पंचविशीचा एक इंजिनिअर होता. कॉलेजातली इंग्रजीची वरची परीक्षा तो पास झालेला होता. साहजिकच कागद वाचून दाखविण्याचे काम त्याच्याकडे आले. कागदात एक ओळ होती : 'द अंडरसाइन्ड हिअरबाय वेव्ह ऑल फर्दर क्लेम्स.' तो आपल्या सोबत्यांना सांगत होता, 'कंपनी आपल्यावरची सारी येणी सोडून देते आहे. आपण घेतलेली उचलही आता परत मागणार नाहीत.' सगळ्यांचे चेहरे खुलले होते, आणि एकाने खिशातून पेन काढले होते.

त्या पेनाला तेथेच थांबवून ठेवू, आणि या हुशार पोराची अशी चूक का व्हावी, ते पाहू.

इंग्रजी सर्वांनाच अवघड. मग चिनी माणसाची अडचण ती काय निराळी, असे आपण म्हणाल. ती निराळी आहे खरी. चिनी शब्द हा बहुधा आपला अर्थ कपाळावर लिहूनच येतो. टेलिफोनला चिनी माणूस 'द्येन-ह्वा' म्हणतो, म्हणजे वीज-बोलणे. आगगाडी म्हणजे 'ह्वो-छे', अग्नी-गाडी. आपल्या 'आगगाडी'ची सख्खी बहीण! महिन्यांना नावेच नाहीत : एक-महिना, दोन-महिना, असे बारापर्यंत मोजीत जायचे. मेंढीचे मांस म्हणजे मेंढी-मांस, डुकराचे मांस म्हणजे डुक्कर-मांस. यकृताला 'कान' म्हणतात आणि दाहाला 'येन'; तेव्हा यकृताला सूज आली की 'कान-येन'. आजार कोणत्या अवयवाचा, ते चार इयत्ता शिकलेल्या माणसालाही नावावरूनच कळते.

इंग्रजीत तसे नाही. गोठ्यात असते ती 'शीप' आणि ताटात येते ते 'मटन'. उकिरड्यावर 'पिग' आणि ताटात 'पोर्क'. पोटात 'लिव्हर', पण आजार 'हेपटायटिस'. हे असे का? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक पिढ्या राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच राहिली. मेंढी राखणाऱ्याचा शब्द इंग्रजी राहिला आणि मेंढी खाणाऱ्याचा शब्द फ्रेंच झाला. त्यावर पुढे पंडितांनी लॅटिन आणि ग्रीक शब्दांचा मजला चढविला. अशा रीतीने इंग्रजी हे दुमजली, तिमजली घर झाले. तळमजल्यावर रोजच्या कामाचे आखूड शब्द. वरच्या मजल्यावर कोर्ट, दवाखाना, विमा आणि करारनामा यांचे लांब शब्द. बंधूंनो, माझ्या धंद्यातला अनुभव असा की, कामगाराचे नुकसान व्हायचे ते बहुधा वरच्या मजल्यावरच होते.

आता फ्रेंच माणसाला हा वरचा मजला अर्धाअधिक ओळखीचाच असतो; त्याच्याच आजोबांनी बांधलेला ना तो! आपल्यालाही शंभरदोनशे वर्षांच्या सहवासाने कोर्ट, वॉरंट, अपील, बोनस हे शब्द घरचे झाले आहेत. चिनी माणूस मात्र परकी वस्तू आली की तिला बहुधा आपल्याच शब्दांचे नाव देतो. परका शब्द जसाच्या तसा तो क्वचितच घेतो. म्हणून इंग्रजीच्या वरच्या मजल्यावर गेल्यावर त्याला एकही ओळखीचे माणूस भेटत नाही. हजारो शब्द त्याला एकेक करून, कष्टाने मिळवावे लागतात.

आणि कष्टाला ही मंडळी मागे हटणारी नव्हेत. चीनमध्ये महाविद्यालयीन इंग्रजीची देशव्यापी परीक्षा १९८७ पासून चालू आहे. तिची चौथी आणि सहावी अशा दोन पायऱ्या आहेत, आणि त्यांकरिता हजारोंनी शब्द पाठ करावे लागतात. पहाटे महाविद्यालयाच्या आवारात झाडाखाली उभे राहून, शब्दांची यादी मोठ्याने घोकणारी मुले हे तिकडचे नेहमीचे दृश्य आहे. यू मिनहोंग नावाचे एक गृहस्थ आहेत. शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाले, आणि तिसऱ्या खेपेस, १९८० साली, पेकिंग विद्यापीठात दाखल झाले. १९९३ साली त्यांनी बीजिंगमध्ये इंग्रजीचे शिकवणी वर्ग काढले आणि त्यांतून एक प्रचंड संस्था उभी राहिली. त्यांच्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकाला, तांबड्या वेष्टनावरून, विद्यार्थी 'लाल रत्नग्रंथ' म्हणत. एके काळी हेच नाव माओंच्या वचनांच्या पुस्तकाला होते! एका पिढीने खिशात माओ बाळगला आणि पुढच्या पिढीने इंग्रजी शब्दांची यादी.

पाठांतरासाठी या मुलांनी ज्या युक्त्या काढल्या आहेत, त्या ऐकून आपल्यालाही मौज वाटेल. इंग्रजी शब्दाच्या उच्चाराजवळ जाणारे चिनी शब्द ते जुळवितात. 'अँब्युलन्स' हा शब्द 'आन पू-नंग स' असा म्हटला की चिनीत अर्थ होतो, 'मला मरून चालायचे नाही'. 'पेस्ट' म्हणजे पिकावरची कीड. तिचे होते 'पाय-स-था', म्हणजे 'चापटीने मार तिला'. आणि 'इकॉनॉमी', म्हणजे अर्थव्यवस्था? 'यी-खाव नुंग-मिन' : 'शेतकऱ्यावर विसंबा'! अर्थशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांत जे सापडत नाही ते या पोरांना घोकंपट्टीत सापडले, असे मला हे प्रथम ऐकले तेव्हा वाटले.

विद्यार्थ्यांत आणखी एक विनोद प्रसिद्ध आहे. शब्दांची यादी वर्णानुक्रमाने असते, आणि तिच्यात अगदी सुरुवातीला भेटतो तो शब्द 'अबँडन', म्हणजे सोडून देणे. पुष्कळ जण मोठ्या उत्साहाने पुस्तक उघडतात, 'अबँडन' वाचतात आणि त्याचा उपदेश शिरसावंद्य मानून पुस्तक मिटतात! दर सुट्टीत पुन्हा आरंभ, पुन्हा 'अबँडन'. आता पुस्तकाची जागा पुष्कळ ठिकाणी मोबाइलने घेतली आहे, परंतु विनोद तोच आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. यादीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द असतो आणि उजव्या बाजूला चिनी. 'अबँडन' या शब्दासमोर लिहिलेले असते 'फांग-छी', म्हणजे सोडून देणे. पुढे कित्येक पानांनंतर 'रिलिंक्विश' येतो; समोर 'फांग-छी'. मग 'रिनाउन्स', समोर 'फांग-छी'. 'वेव्ह', समोर पुन्हा 'फांग-छी'. मुलगा खुश होतो; चार शब्द आले, अर्थ एकच! परंतु अर्थ एक नाही. बुडणारे जहाज सोडतात ते 'अबँडन'. आपला कायदेशीर हक्क आपण होऊन सोडतात ते 'वेव्ह'. ताबा सोडतात ते 'रिलिंक्विश', आणि मते किंवा वारसा जाहीरपणे सोडतात ते 'रिनाउन्स'. कोण सोडतो, काय सोडतो आणि सोडल्यावर कुणाचे काय जाते, हे यादी सांगत नाही. यादी शब्दाचा चेहरा दाखविते. त्याचे सगेसोयरे दाखवीत नाही.

उलट बाजूनेही हाच घोटाळा होतो. चिनी भाषेत 'खाय' म्हणजे उघडणे. दार 'खाय' करतात, दिवा 'खाय' करतात, मोटार 'खाय' करतात आणि सभासुद्धा 'खाय' करतात. म्हणून नवखा चिनी खलाशी मला इंग्रजीत सांगतो, 'दिवा उघडा.' हसू नका. आपण दिवा 'लावतो' आणि इंग्रज तो 'फिरवितो'. चिनी माणूस औषध 'खातो', आपण 'घेतो'. आपला चहा कडक, चिनी माणसाचा दाट, इंग्रजाचा 'स्ट्राँग'. प्रत्येक शब्दाची बसण्याउठण्याची मंडळी ठरलेली असतात. ती त्याच्याबरोबरच शिकावी लागतात.

तिसरी गोष्ट शब्दाच्या अब्रूची. चिनी 'श्वान-छ्वान' म्हणजे नुसता प्रचार. त्यात वाईट काही नाही. त्याचे इंग्रजी 'प्रोपगंडा' केले की ऐकणाऱ्याच्या मनात खोटेपणाचा वास येतो. यावर मी चिनी माणसाला हसणार नाही, कारण आमच्या संघटनेच्या इंग्रजी पत्रकात मीच एकदा अभिमानाने लिहिले होते की, 'आमची प्रोपगंडा समिती रात्रंदिवस काम करीत आहे.' परदेशातून आलेल्या एका पाहुण्याने मला बाजूला घेऊन चूक समजावून दिली. आपल्या 'प्रचार' शब्दाला कलंक नाही, म्हणून त्याच्या इंग्रजी भावंडालाही नसेल, असे मी धरून चाललो होतो.

मग उपाय काय? विद्वानांनी सांगितलेले आणि गोदीत पडताळून पाहिलेले असे चार सांगतो.

पहिला उपाय निवडीचा. इंग्रजीत शब्द लाखांनी आहेत. सगळ्यांच्या मागे धावणारा कुठेच पोचत नाही. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षकांना शिकवीत असत. आपल्याच मुलांची दैना पाहून ते या प्रश्नाकडे वळले, आणि १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. एवढे शब्द आले की साध्या मजकुरातले शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द ओळखीचे होतात. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला की, वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीवाचून वाचायची, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात. त्यांच्याच विद्यापीठातल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली, अभ्यासाच्या ग्रंथांत वारंवार येणारी ५७० शब्दकुळे निवडून दिली. सांगायचे एवढेच की, दोन हजारांच्या पुढे गेल्यावर वर्णानुक्रमाने जाऊ नये. आपल्या कामाच्या क्रमाने जावे. वैद्याने वैद्यकाचे शब्द आधी घ्यावे आणि खलाशाने करारनाम्याचे.

ही दृष्टी चीनला नवी नाही. पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख ४० हजार चिनी मजूर फ्रान्समध्ये खंदक खणायला आणि ओझी वाहायला नेले होते. जेम्स येन हा अमेरिकेत शिकलेला चिनी तरुण १९१८ साली त्यांच्यात काम करायला गेला. मजूर रोज त्याच्याकडून घरची पत्रे लिहवून घेत. तो थकला आणि म्हणाला, तुम्हीच लिहायला शिका. हजारो चिनी अक्षरांतून मजुरांच्या उपयोगाची सुमारे एक हजार निवडून त्याने वर्ग सुरू केले, आणि पुढे चीनमधील लोकशिक्षणाची मोठी चळवळ त्यातून उभी राहिली. येन यांनी जे मातृभाषेच्या अक्षरांचे केले, तेच परक्या भाषेच्या शब्दांचे करावयाचे आहे.

दुसरा उपाय शब्द फोडण्याचा. 'हार' या एका शब्दाला उपसर्ग लावून आपण आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार करतो. लॅटिनमधल्या 'पोर्ट', म्हणजे वाहणे, या धातूपासून इंग्रजीने तसेच इंपोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट, डिपोर्ट केले आहेत. चिनी माणसाला ही विद्या शिकवावीच लागत नाही. त्याच्या लिपीत नदी, सरोवर, समुद्र, अश्रू आणि मद्य या सर्वांच्या चिन्हांत पाण्याची तीच खूण असते. अनोळखी चिन्हातला ओळखीचा तुकडा हेरण्याची सवय त्याच्या डोळ्याला बाळपणापासून असते. 'हेपट' म्हणजे 'कान' आणि 'आयटिस' म्हणजे 'येन', एवढे त्याला कळू द्या. पुढच्या वेळी 'नेफ्रायटिस' पाहिल्यावर तो दुसरा तुकडा स्वतःच ओळखील आणि पहिल्याची चौकशी करील.

तिसरा उपाय पुन्हा भेटण्याचा. एबिंगहाउस या जर्मन पंडिताने अर्थहीन अक्षरे स्वतः पाठ करून स्वतःच्याच विसराळूपणाचे मोजमाप केले, आणि १८८५ साली ते छापले. पाठ केलेले आधी झपाट्याने आणि मग सावकाश विसरते, आणि तोच अभ्यास अंतराअंतराने केला तर अधिक टिकतो, असे त्याला आढळले. म्हणून एका रात्रीत शंभर शब्द गिळण्यापेक्षा रोज दहा घ्यावे. उद्या, चार दिवसांनी आणि पंधरवड्याने त्यांचा समाचार घ्यावा, आणि मधल्या वेळात वाचन करावे, म्हणजे तेच शब्द निरनिराळ्या वाक्यांत भेटतात.

चौथा उपाय शब्द खर्च करण्याचा. पुरलेले नाणे आणि पाठ केलेला पण न वापरलेला शब्द, दोन्ही सारखेच. शिकलेला शब्द आपल्या स्वतःच्या आयुष्यातल्या खऱ्या वाक्यात, दुसऱ्या माणसासमोर वापरावा. चुकला तर चुकू द्यावा. चिनी मुलांचा परीक्षेवर एवढा भर असतो की, चूक होईल या भीतीने पुष्कळ जण तोंडच उघडीत नाहीत. कोश जवळ असला तरी माणूस हवा, आणि तोही न हसणारा.

आता त्या जहाजावर परत जाऊ. पेन अजून हातातच आहे.

मी त्या तरुण इंजिनिअरला विचारले, 'वेव्ह म्हणजे काय?' तो म्हणाला, 'फांग-छी, सोडून देणे.' बरोबर. 'सोडणार कोण?' 'अंडरसाइन्ड.' 'तो कोण?' त्याने कागदाच्या तळाशी असलेल्या कंपनीच्या शिक्क्याकडे बोट दाखविले. हा शब्द त्याच्या यादीत नव्हता. मी म्हणालो, 'फोडून बघ.' तो पुटपुटला, 'अंडर... साइन्ड...', म्हणजे 'खाली... सही केलेला'. आणि मग त्याची नजर शिक्क्याशेजारी आखलेल्या नऊ कोऱ्या रेघांवर गेली. काही वेळ तो बोललाच नाही. मग त्याने सोबत्याच्या हातातले पेन काढून घेतले.

मी त्याला भोजनगृहात नेले. तेथे भिंतीवर काचेखाली एक इंग्रजी प्रमाणपत्र लावलेले होते. खलाशांविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, त्यात २०१४ साली सुधारणा झाली आणि ती जानेवारी २०१७ पासून अमलात आली. त्या सुधारणेप्रमाणे मालकाने दोन महिन्यांचा पगार थकविला, तरी खलाशी वाऱ्यावर सोडला गेला असे धरतात. त्याचा चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्नपाणी आणि घरी जाण्याचा खर्च हमी घेणाऱ्याला द्यावा लागतो. भारत आणि चीन या दोघांनीही २०१५ साली तो करार मान्य केला आहे. हमीचा दाखला सर्वांना दिसेल अशा जागी लावावा, असाही नियम आहे. तो लावलेला होता. त्याच्याखाली बसून ही तेरा माणसे तीन महिने जेवत होती. त्यातला मुख्य शब्द कोणता होता, सांगू? 'अबँडनमेंट'. पोराने शब्दांचे पुस्तक उघडले त्या दिवशी पहिल्याच पानावर भेटलेला शब्द! तो मला म्हणाला, 'सोडून देणारा मी, एवढेच मला यादीने शिकविले होते. मला सोडून दिले जाईल, हे तिच्यात नव्हते.'

कागदावर सही झाली नाही. हमी घेणाऱ्यांना पत्र गेले. त्याचा मसुदा त्या पोरानेच इंग्रजीत केला, मी फक्त दोन ठिकाणी हात लावला. काही आठवड्यांनी तेराही जण थकलेला पगार घेऊन घरी गेले. आपल्या रत्नागिरीच्या पोरांनी जाताना त्याच्याकडून ते पत्र मागून घेतले. का, तर त्यांनाही 'अंडरसाइन्ड' ठाऊक नव्हता आणि विचारायची लाज वाटली होती.

मी विद्वान नव्हे, म्हणून सिद्धांत मांडीत नाही. एक विनंती तेवढी करतो. आपल्या घरात, कारखान्यात, शेजारी कुणी परक्या भाषेशी झुंजत असेल, मग तो चिनी असो वा आपला, तर त्याला शब्दांची यादी जरूर द्या; पण त्याच्यासमोर जो कागद सहीसाठी येणार आहे, तो घेऊन त्याच्याशेजारी एक तासभर बसा.